दोन कोडांचा नियम

मला संगणकातलं काही कळतं असा गैरसमज आमच्या वीज संस्थेत पसरला, त्याचं खापर एका प्लगवर फोडायला हवं. संचालक मंडळाची बैठक चालू होती आणि पडद्यावर काही दिसेना. सगळे संचालक प्रोजेक्टरभोवती जमून त्याला थोपटत होते. माझं पेन खाली पडलं म्हणून मी वाकलो, तर प्लग अर्धा बाहेर. दाबला. पडदा उजळला, टाळ्या पडल्या. पुढचा विषय माहिती तंत्रज्ञान समितीचा प्रमुख नेमण्याचा होता. मी अजून टेबलाखालीच होतो, कमरेत लचक भरलेली. नाही म्हणायला वर येईपर्यंत ठराव मंजूर झाला होता.

माझा धंदा चष्म्यांचा. लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढण्यात जन्म गेला; स्वतःच्या नाकासमोरचं मात्र मला दिसत नाही, असं बायकोचं मत आहे. नेमणुकीचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “अहो, टीव्हीचा रिमोट कोणता आणि पंख्याचा कोणता हे तुम्हाला अजून कळत नाही. तुम्ही संस्थेचे संगणक सांभाळणार?”

“सांभाळायचे नसतात,” मी म्हणालो. “धोरण ठरवायचं असतं.”

धोरण हा शब्द मला फार आवडला. तो उच्चारला की काम झाल्यासारखं वाटतं.

आमची संस्था म्हणजे कंपनी नव्हे. जो वीज घेतो तो सभासद, आणि जो सभासद तो मालक. शिंपी असो की सर्जन, प्रत्येकाला एकच मत. त्यामुळे साधी तक्रार घेऊन आलेला माणूसही ऑफिसात खुर्ची ओढून, पाय पसरून मालकासारखा बसतो. वार्षिक सभेत मतदान हात वर करून होतं. मोजणारा कारकून आपल्यापर्यंत येईस्तोवर हात वर ठेवायचा. खाली आला की मत गेलं. हा नियम माझ्या वडिलांचा. बाबा पहिल्या खांबापासूनचे सभासद. त्यांचं म्हणणं असं, की ज्याला आपल्या मतासाठी हात दुखवून घ्यायचा नाही, त्याचं मत मोजून तरी काय करायचं?

आता ताई. माझी सख्खी थोरली बहीण, शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका आणि संस्थेची अध्यक्ष. मी स्वतःच्या गुणांवर निवडून आलो असं मी सांगतो. मतदारांना विचाराल तर ते म्हणतील, “बाईंचा भाऊ ना? दिलं मत.” हे मला सलत नव्हतं असं म्हणालो तर जीभ झडेल.

कुठे बिघाड झाला की कोणती लाइन आधी जोडायची ते कंट्रोल रूम ठरवते. ताई तिथे फोन करते आणि तिच्या गल्लीत लाइट आधी येते, हे मला कळलं. झालं, माझं डोकं तडकलं. भर बैठकीत उभा राहून मी म्हणालो, “या संस्थेत सगळे मालक सारखे आहेत, पण अध्यक्षांची गल्ली जरा जास्त सारखी आहे.”

“त्या गल्लीत बाबा राहतात,” ताई म्हणाली. “दिवसरात्र ऑक्सिजनच्या मशीनवर असतात. ते तुझेही बाबा आहेत, आठवत असेल तर.”

“बाप सगळ्यांनाच असतो, अध्यक्षबाई.”

वाक्य इतकं फर्मास जमलं की टाळ्यांसाठी मी स्वतःच जरा थांबलो. कोणी वाजवल्या नाहीत. ताईने चष्मा काढून पुसला. चष्मा माझ्याच दुकानातला, भेट दिलेला. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलायची बंद झाली. मी बाबांना भेटायला जायचो तेव्हा ती आतल्या खोलीत आणि मी बाहेर. मधल्या दारात भाऊजी, म्हणजे तिचे यजमान, बिचारे चहाचे कप घेऊन इकडून तिकडे. बाबा मशीनच्या नळीतून श्वास घेत आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. मला वाटायचं त्यांना झोप येते.

बहीण बोलत नाही म्हटल्यावर माणसाने काय करावं? समजूत काढावी. मी धोरण काढलं.

बिघाड दुरुस्त झाल्यावर कोणतीही लाइन परत चालू करायची तर दोन जणांच्या फोनवर येणारे दोन कोड कंट्रोल रूमच्या संगणकात टाकायचे. एक अध्यक्षांचा, एक माहिती तंत्रज्ञान समितीच्या प्रमुखाचा. म्हणजे माझा. आता करा म्हणावं फोन कंट्रोल रूमला!

आमच्याकडे सगळी यंत्रणा एकच बाई सांभाळतात. सगळे त्यांना सिस्टिमबाई म्हणतात. शिकलेल्या, पगारदार, आणि तोंडाने अशा फटकळ की अध्यक्षसुद्धा त्यांच्या खोलीत शिरताना खाकरतात. त्या म्हणाल्या, “साहेब, आज काय शिजवायचं ते घरमालकाने जरूर सांगावं. पण प्रत्येक फोडणीला सही मागू नये. जेवायला संध्याकाळ होईल.”

“मग अध्यक्षांचे फोन थांबवायचे कसे?”

“ज्या घरांत श्वासाचं मशीन आहे त्यांच्यावर सिस्टिममध्ये खूण करू. त्यांची लाइन आपोआप आधी जोडली जाईल. त्यांचा फोन नको आणि तुमचा कोडही नको.”

“पुढच्या बैठकीत बघू,” मी म्हणालो. आमच्या संस्थेत चांगल्या कल्पना पुरायच्या असतील तर त्या पुढच्या बैठकीत नेतात.

“निदान आपत्कालीन सूट तरी ठेवा.”

“अध्यक्षबाईंचं सगळंच आपत्कालीन असतं,” मी म्हणालो आणि ती ओळ स्वतःच्या हाताने खोडली.

ठराव बहुमताने मंजूर झाला. मग काय, हात शिवशिवायला लागले. मी आणखी कलमं काढली. कर्मचारी आणि संचालक सावध आहेत का हे बघायला मधून मधून खोटा फसवा ईमेल पाठवायचा. जो त्यातल्या दुव्यावर बोट ठेवेल त्याचे सगळे कोड बंद. परत चालू करायचे तर त्याने प्रशिक्षणाचा व्हिडिओ पूर्ण पाहायचा. मधला भाग गाळून पुढे पळवायची सोय नाही, आणि शेवटी परीक्षा. नाव मात्र गुप्त ठेवायचं, कारण संचालकांची इभ्रत. आणि एखाद्याने कोडांचा नियम डावलून लाइन चालू केलीच, तर कोणामुळे आणि का, ते वार्षिक सभेत नावासकट मोठ्याने वाचायचं. हे शेवटचं कलम मी फार चवीने लिहिलं. त्यात कधीतरी ताई सापडेल अशी माझी आशा होती.

व्हिडिओत बोलायला कोणीतरी भारदस्त माणूस हवा होता. मी कोट शिवून घेतला.

आणि मग एके सकाळी दुकानात, एका गिऱ्हाईकाच्या नाकावर फ्रेम बसवत असताना, मला ईमेल आला. ‘अभिनंदन! वीज संस्थांमधील सर्वोत्तम धोरणकर्ता म्हणून आपली निवड झाली आहे. मानपत्रावरील आपलं नाव तपासण्यासाठी इथे बोट ठेवा.’

आता तुम्हीच सांगा, नाव तपासायला नको? मानपत्रावर चुकीचं छापलं तर?

ठेवलं बोट. पडदा लाल झाला आणि माझाच कोटातला फोटो वर आला. खाली लिहिलं होतं, ‘आपण गळाला लागलात.’

सिस्टिमबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “हो, दिसलं. व्हिडिओ बघून टाका, साहेब. नाव मी सांगणार नाही, तुमचंच कलम आहे.” त्यांच्या आवाजात हसू होतं की नाही ते मला ठरवता आलं नाही. “आणि लवकर बघा. तुमचे कोड बंद आहेत.”

बघतो म्हणालो. पण स्वतःच्याच शिकवणीला बसायचं या विचारानेच अंगावर काटा यायचा. आज नको, उद्या. लाइन काय रोज थोडीच बंद पडते?

पडली. भरदुपारी वारा सुटला आणि चौकातला जाहिरातीचा फलक उडून तारांवर आडवा झाला. ताईच्या गल्लीसकट सगळा भाग बंद. आमच्या लाइनमननी फलक काढला, तारा ओढल्या, तपासणी केली आणि कंट्रोल रूमला कळवलं की काम फत्ते, सोडा वीज. कंट्रोल रूममधल्या ऑपरेटरने मला फोन केला, “साहेब, कोड द्या.”

“मी येतोच तिथे,” मी म्हणालो आणि दुकान गिऱ्हाईकांच्या भरवशावर टाकून धावलो. फोनवर सांगायला तोंड नव्हतं.

कंट्रोल रूममध्ये सिस्टिमबाई आधीच उभ्या होत्या. भिंतीवरच्या नकाशात ताईच्या गल्लीची रेघ लाल होती. मी घाम पुसत होतो तेवढ्यात दार उघडलं आणि ताई आत आली, पदर वाऱ्याने विस्कटलेला. इतक्या महिन्यांनी ती माझ्याशी बोलली.

“मशीनची बॅटरी संपत आलीय. जोडीचा सिलिंडर भरायला दिलेला आहे, अजून आला नाही. तुझे भाऊजी बसलेत बाबांजवळ. कोड टाक तुझा.”

“आधी तुझा टाक.”

“तू लहान आहेस.”

“तू अध्यक्ष आहेस.”

ऑपरेटर आमच्याकडे बघत राहिला. सिस्टिमबाईंनी सुस्कारा सोडला. “मी नाव सांगू शकत नाही,” त्या म्हणाल्या. “पण तुम्ही दोघं एकमेकांना सांगू शकता.”

मी जमिनीकडे बघत म्हणालो, “माझे कोड बंद आहेत. मी... ते मानपत्र...”

ताई खुर्चीत मटकन बसली. “मला आलं होतं, ‘जुन्या विद्यार्थ्यांकडून आदर्श शिक्षिकेचा सत्कार’ म्हणून.”

हसायची वेळ नव्हती, तरी मला हसू फुटायच्या बेतात होतं. एकाच आईची लेकरं! ताईचं तोंड मात्र रडवेलं झालं होतं.

“हाताने जाऊन स्विच टाकता येतो ना रे?” तिने ऑपरेटरला विचारलं.

“येतो, बाई. पण कोडाशिवाय टाकला तर नोकरी जाते. साहेबांचं कलम आहे.”

“माझ्याकडे चावी आहे,” सिस्टिमबाई म्हणाल्या. “नियम डावलून आत्ता चालू करते. फक्त एका संचालकाने तोंडी सांगायचं. मग तुमची दोघांची नावं, कारणासकट, वार्षिक सभेत वाचली जातील. तेही साहेबांचंच कलम. नाहीतर व्हिडिओ आहेच. एका बैठकीत दोघांनी पाहिला तरी चालतो.”

आणि इथे, वाचकहो, मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. ताईने माझ्याकडे पाहिलं, मी ताईकडे. भरलेल्या सभागृहात कारकून वाचतोय, ‘मानपत्रापायी’, ‘सत्कारापायी’, आणि शिंप्यापासून सर्जनपर्यंत सगळे खिदळताहेत, हे दोघांनाही एकदमच दिसलं असणार.

“व्हिडिओ मोठा आहे का?” ताईने विचारलं.

“नाही गं, छोटासाच आहे,” मी म्हणालो.

एका पडद्यासमोर दोन खुर्च्या ओढून आम्ही बसलो. लहानपणी एका पुस्तकावर डोकी लावून बसायचो तसे. कोटातला मी पडद्यावर आलो, खाकरलो आणि म्हणालो, “सभासद बंधुभगिनींनो, विजेचा शोध हा मानवी इतिहासातला एक मोठा टप्पा होय.”

“अरे देवा,” ताई म्हणाली.

मी पुढे पळवायचं बटण शोधलं. नव्हतं. कोटातला मी पाण्याचा ग्लास उचलून सावकाश घोट घेत होतो. चित्रीकरणाच्या वेळी मला हे फार रुबाबदार वाटलं होतं. मग मी विषयाचं महत्त्व सांगितलं. मग महत्त्वाचं महत्त्व सांगितलं. इतका कंटाळवाणा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता, आणि रोज सकाळी त्याचीच दाढी करत होतो!

ताईचा फोन वाजला. भाऊजी होते. “मशीनने शिटी वाजवायला सुरुवात केलीय. आणखी किती वेळ?”

“आलंच,” ताई म्हणाली.

परीक्षा आली. अनोळखी पत्त्यावरून आलेल्या ईमेलचं प्रथम काय करावं? मी ‘उघडू नये’ दाबलं. चूक. बरोबर उत्तर होतं ‘समितीच्या प्रमुखांना कळवावं’. प्रश्न मीच काढला होता. तो वाक्यरचनेवरून मला गहन वाटला होता. संगणकाने सांगितलं, पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा केला. आता प्रश्न बदलले होते. पुन्हा नापास.

फोन परत वाजला. या वेळी ताईने तो स्पीकरवर टाकला. भाऊजी काही बोलले नाहीत, त्यांनी फोन बाबांच्या तोंडाशी धरला असावा. नुसता श्वास ऐकू येत होता. ओढून घेतलेला, मधेच अडणारा, परत ओढलेला. मागे मशीनची शिटी.

बाप सगळ्यांनाच असतो म्हणे.

“चालू करा,” मी ओरडलो. “बाई, चालू करा! माझं नाव लिहा. माझ्यामुळे, माझ्या मूर्खपणामुळे, काय हवं ते लिहा!”

“आधी माझं लिहा,” ताई म्हणाली. “मी मोठी आहे.”

सिस्टिमबाईंनी आम्हाला बाजूला सारलं, चावी लावली आणि काहीतरी दाबलं. नकाशावरची लाल रेघ हिरवी झाली. फोनमधून मशीनचा घरघराट आला. थोड्या वेळाने भाऊजींचा आवाज आला, “हं. घेताहेत श्वास. ओठांचा रंग परत येतोय.” ताईने माझं मनगट कधी धरलं होतं कोण जाणे, तिच्या बांगडीचे वळ हातावर उठले होते.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं बाबांच्या पलंगाच्या दोन बाजूंना बसलो होतो. भाऊजींना कप घेऊन फिरावं लागलं नाही. बाबांनी काही विचारलं नाही. आम्हीही काही सांगितलं नाही. लाइट गेली होती, आली, एवढंच.

पण वार्षिक सभा यायची ती आलीच. बाबा म्हणाले, मी येणार. चाकाच्या खुर्चीत, मांडीवर छोटं मशीन, नाकात नळी. पहिल्या रांगेत त्यांची खुर्ची लावली. माझी बायको शेजारी बसली आणि मला म्हणाली, “कोट घालून नाही आलात?”

सिस्टिमबाईंनी अहवाल वाचला. यंत्राला माणसाची लाज नसते, त्यामुळे संगणकाने सगळं टिपून ठेवलं होतं आणि त्यांनी सगळं वाचलं. मानपत्र. सत्कार. सभागृहात हशा पिकला. शिंप्याने तर मांडीवर थाप मारली. मग पुढे, “दुरुस्ती पूर्ण झाल्याचा निरोप. दोन्ही संचालक हजर. व्हिडिओ सुरू. परीक्षेत नापास. पुन्हा नापास. त्यानंतर तोंडी आदेश आणि वीजपुरवठा सुरू.”

बाबांनी बोट वर केलं. सभागृह शांत झालं. त्यांचा आवाज लहान होता आणि मधे मधे श्वास घ्यावा लागत होता.

“म्हणजे मी तिकडे... धापा टाकत होतो... तेव्हा ही दोघं सिनेमा बघत होती?”

लोक परत हसले. बाबा हसले नाहीत. ते आधी ताईकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत. मी व्यासपीठावर होतो आणि मला माझ्या चपलांशिवाय कुठे बघता येईना.

“हो, बाबा,” ताई माइकमध्ये म्हणाली. “नाव खराब होईल म्हणून.”

सिस्टिमबाईंचा ठराव मांडला गेला. दोन कोडांचा नियम रद्द. वीज जोडण्यात कोणाही संचालकाचं बोट नको. श्वासाचं मशीन असलेली घरं सिस्टिममध्ये आधी. आणि आम्हा दोघांना आपापल्या पदावरून दूर करावं. अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत.

सगळ्यांत पहिला हात बाबांचा वर गेला.

कारकून नेहमीप्रमाणे मागच्या रांगेपासून मोजायला लागला. त्याला अंक मोठ्याने म्हणायची सवय, आणि मधे कोणी खोकलं की परत मागे जायची. बाबांचा हात थरथरायला लागला. कोपरात वाकला. परत वर गेला. नळीतला श्वास जोरात वाजू लागला. हात आता खांद्यापर्यंत आला होता, आणि कारकून अजून सभागृहाच्या मध्यावर.

मी व्यासपीठावरून उतरलो. दुसऱ्या पायऱ्यांनी ताई उतरली. मी बाबांचा हात मनगटाशी धरून वर नेला, तिने कोपराला आधार दिला. किती हलका झाला होता तो हात. याच हाताने त्यांनी पहिल्या खांबाचा दोर ओढला होता म्हणतात. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. आमच्याविरुद्धचं मत आम्ही दोघं धरून उभे होतो आणि अख्खं सभागृह बघत होतं. या वेळी कोणी हसलं नाही.

“बाबा, दुखतंय का?” ताईने विचारलं.

“नीट धरा,” बाबा म्हणाले. “मोजणी संपली नाही अजून.”